मत माझं, निरोप त्यांचा

१७ ऑक्टोबर २०२२ ला दादरच्या टिळक भवनात, काँग्रेस अध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर मी मल्लिकार्जुन खर्गे यांच्या नावापुढं टिक केली. हे मी आजवर वीस-पंचवीस जणांना तरी सांगितलं असेल. निम्मे म्हणतात, "मग काय, वरून निरोपच होता." उरलेले डोळा मारतात. म्हणजे दिलंय समोरच्या शशी थरूरना, पण हा कशाला कबूल करतोय. मी चार रात्री विचार करून खर्गेंना दिलं, हे मात्र मानायला कुणी तयार नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

माझं उदगीरला खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि थोडी शेती आहे. पक्षात तीसेक वर्षं झाली, बहुतेक सगळी सतरंज्या उचलण्यात. त्या साली मी प्रदेश प्रतिनिधी झालो. आमच्याकडं त्याला सरळ 'डेलिगेट' म्हणतात. अध्यक्ष निवडतात ते हे डेलिगेट, देशभरात साडेनऊ-दहा हजार. कागदावर बघाल तर तेव्हा पाच रुपये भरून सभासद व्हायचं, सभासदांनी खालच्या समित्या निवडायच्या आणि तिथून डेलिगेट. मी कसा झालो ते सांगतो. एका हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली, चहा आला, एकानं माझं नाव घेतलं, दुसऱ्यानं "कुणाची हरकत?" म्हणून विचारलं आणि तो स्वतःच "नाही ना, झालं मग" म्हणाला. टाळ्या. चहा अजून गरमच होता. तेव्हा मी काही फार मोठ्या लोकशाहीतून निवडून आलेला माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

सप्टेंबरपर्यंत आम्हाला वाटतही नव्हतं की मत द्यायची वेळ येईल. अनेक प्रदेश समित्यांनी 'राहुल गांधींनीच अध्यक्ष व्हावं' असे ठराव केले, ते नाही म्हणाले. मग राजस्थानचे तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक गेहलोत होणार असं ठरल्यासारखं झालं, तोवर जयपूरला त्यांच्या आमदारांनी जे बंड केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. दिग्विजयसिंहांनी अर्ज नेला. ३० सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, खर्गेंचा अर्ज आला आणि दिग्विजयसिंह त्यांचे सूचक झाले. झारखंडच्या के. एन. त्रिपाठींचा अर्ज सह्यांच्या घोळात बाद झाला. राहिले दोघं, खर्गे आणि शशी थरूर.

दोन-तीन दिवसांत फोन आला. कुणाचा ते सोडा, पद आहे, नाव आहे, आणि माणूस वाईट नाही. आधी सोयाबीनची चौकशी केली. मग म्हणाले, "अधिकृत उमेदवार असा कुणीच नाही बरं का. सोनिया मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, दोघंही आपलेच." मी म्हटलं, "बरं." तिकडं थोडा वेळ काहीच नाही. मग, "पण काय करायचं ते तुम्हाला कळतंय ना?" मी म्हटलं, "कळतंय." दीड मिनिटाचा फोन. हाच तो निरोप.

त्या फोनचा परिणाम उलटाच झाला. तोवर माझं मन खर्गेंकडंच होतं, आणि फोन ठेवल्याबरोबर वाटलं, आता थरूरनाच देतो. 'कळतंय ना' म्हणून विचारलं की माणसाला नेमकं न कळल्यासारखं वागावंसं वाटतं. दोन दिवस मी असा मनातल्या मनात बंडखोर होऊन दुकानात बसलो होतो. गिऱ्हाइकाला युरियाऐवजी डीएपीचा भाव सांगितला.

थरूर यांचा जाहीरनामा मोबाइलवर आला होता. पहिल्या आवृत्तीत भारताचा नकाशाच चुकला होता, त्यावरून गदारोळ झाला, त्यांनी बिनशर्त माफी मागून तो दुरुस्त केला. आमच्या ग्रुपवर चार दिवस नकाशाच फिरत होता. मजकूर वाचला असेल तर आम्ही दोघा-तिघांनी. मी वाचला, आणि खरं सांगतो, त्यातल्या बहुतेक गोष्टींखाली मी सही केली असती. दिल्लीत सगळं ठरतं ते खाली आणा. प्रदेशाध्यक्षाला अधिकार द्या. कार्यसमितीच्या, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या, निवडणुका घ्या. पक्षाच्या घटनेत तेव्हा कार्यसमितीचे २५ सदस्य होते, त्यातले १२ निवडून यायचे होते. शेवटचे असे निवडून आले ते १९९७ च्या कलकत्ता अधिवेशनात! माझ्या पोरानं त्यानंतर जन्माला येऊन बी.फार्मसी केली. शिवाय माणूस संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदावर राहून आलेला, आणि तिरुअनंतपुरममधून तोवर सलग तीनदा खासदार. खर्गे २०१९ ला कर्नाटकातल्या आपल्याच गुलबर्ग्यात पडले होते, हेही समोर होतं. आणि वय ८०. उदयपूरच्या शिबिरात मे महिन्यात आम्हीच ठरवलं होतं की निम्मी पदं पन्नाशीच्या आतल्यांना द्यायची. ते अंमलात आणतो म्हणून ऐंशी वर्षांचा माणूस उभा, यावर आमच्याकडं जे विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

मग खर्गे का?

त्यासाठी उदगीर कुठं आहे ते सांगावं लागेल. नकाशात आम्ही लातूर जिल्ह्यात. पण १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळे बीदर जिल्ह्याचे तालुके होते, निजामाच्या हैदराबाद संस्थानातले. खर्गेंचं जन्मगाव वरवट्टी, भालकी तालुका, तेही बीदर जिल्ह्यातच. म्हणजे माझे वडील आणि खर्गे एकाच जिल्ह्यात जन्मले. रेघ नंतर ओढली गेली. भालकी आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. माझी मावशी तिकडं दिलेली. तिच्या घरी मराठी, गल्लीत कानडी, आणि म्हातारे भांडायला लागले की उर्दू.

रझाकारीत वरवट्टीतलं खर्गेंचं घर जाळलं. आई आणि बहीण त्यात गेली. बाप आणि पाच-सहा वर्षांचा मल्लिकार्जुन वाचले, पुढं गुलबर्ग्याला आले. आमच्या घरी ही माहिती ऑक्टोबर २०२२ मध्ये चॅनेलवाल्यांकडून आली नाही. माझी आजी अशाच एका रात्री माझ्या वडिलांना कडब्याच्या गंजीत दडवून बसली होती, आणि तोंडावर हात दाबून धरला होता तो पोराचा जीव जाईल इतका. वडील म्हातारपणीसुद्धा कडब्याचा वास आला की गप्प व्हायचे. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, आमच्याकडं झेंडावंदन होतं, भाषणं होतात, पेढे वाटतात. तो दिवस मला नेहमी त्या दाबलेल्या हातावरून आठवतो. खर्गेंनी या गोष्टीचं भांडवल करून मतं मागितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या राजकारणात एवढं हत्यार हातात असून माणूस ते म्यानात ठेवतो, याचं मला अप्रूप वाटायचं.

पण दुःख सारखं म्हणून मत दिलं, असं म्हटलं तर तो अर्धाच हिशेब झाला. दुसरा अर्धा जास्त रोकडा आहे.

मावशीच्या नातीला गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगला जागा मिळाली, तीही तीनशे एक्काहत्तर 'जे' मधून. माझ्या पुतणीला तेवढेच मार्क असून मिळाली नाही. हे कलम २०१२ च्या घटनादुरुस्तीनं आलं, हैदराबाद-कर्नाटकच्या, म्हणजे कर्नाटकात गेलेल्या निजामी, जिल्ह्यांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत राखीव जागा, विकासाचं वेगळं मंडळ. तिकडची मागणी जुनी होती, आणि ती पदरात पाडून घेण्यात खर्गे आणि तिकडचे दुसरे नेते धरमसिंग या दोघांचं नाव तिकडं सगळे घेतात, विरोधी पक्षातलेसुद्धा. आता आमच्याकडं बघा. तीनशे एक्काहत्तर कलमाखालीच मराठवाड्याला १९९४ ला वैधानिक विकास मंडळ मिळालं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली ती संपलीच. एकाच निजामाच्या दोन लेकरांपैकी एकाला वाटणी मिळाली आणि एक कागद शोधत बसलंय. मावसभाऊ हे मला दर लग्नात ऐकवतो. "तुमच्याकडं मुख्यमंत्री झाले रे, आमच्याकडं काम झालं." लागतं ते, पण उत्तर सापडत नाही.

खर्गेंना स्वतःला मुख्यमंत्रिपद कधी मिळालं नाही. १९९९, २००४, २०१३, तिन्ही वेळा नाव होतं, आणि तिन्ही वेळा दुसराच झाला. गुरमिटकल मतदारसंघातून १९७२ पासून ओळीनं आमदार, हरणं माहीत नाही म्हणून कानडीत 'सोलिल्लद सरदार' म्हणायचे त्यांना. मुख्यमंत्रिपदासाठी रुसून पक्ष सोडलाय असं एकदाही नाही. यावर आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, हा गुण आहे का दोष?" प्रश्न चांगला होता. मी त्याला म्हटलं, "दुकानात ये, सांगतो." तो आला नाही, मला वेळ मिळाला.

माझं उत्तर असं तयार झालं होतं. १९६९ ला खर्गे गुलबर्गा शहर काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्याच सुमारास एमएसके मिलच्या कामगार संघटनेचे कायद्याचे सल्लागार. म्हणजे शहर समितीचं रजिस्टर कुठल्या कपाटात असतं, सभासदाच्या पावत्या कोण खातो, गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून दोन गट कसे पडतात, हे या माणसानं बघितलंय. थरूर २००९ ला आले ते थेट लोकसभेच्या तिकिटावर. त्यांच्या कागदातली प्रत्येक सुधारणा मला हवी होती, पण ती राबवायला ज्या खोलीत बसावं लागतं त्या खोलीत ते कधी बसलेले नव्हते. ती माझ्या तालुक्यातली चहाची खोली. तिथं 'विकेंद्रीकरण' म्हणालात तर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तिकीट कोण देणार?"

उमेदवारी दाखल करताच खर्गेंनी राज्यसभेतल्या विरोधी पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला, एक व्यक्ती एक पद म्हणून. माझ्या तालुक्यात एका माणसाकडं पाच पदं आहेत आणि सहावं मागतोय, त्यामुळं असल्या गोष्टी माझ्या डोळ्यात भरतात.

हे सगळं जमून आलं तेव्हा निरोपाचा राग उरलाच होता. एका रात्री मी बायकोला म्हटलं, मला खर्गेंनाच द्यायचंय, पण त्यांनी सांगितलं म्हणून दिल्यासारखं होईल. ती म्हणाली, "मग काय त्यांनी जेव म्हटलं तर उपाशी बसणार का?" आणि पाठ करून झोपली. माझा निर्णय तिथं झाला, असं म्हणायला हरकत नाही.

मतदान सोमवारी होतं. परतीच्या पावसानं उच्छाद मांडला होता, सोयाबीन कापून पडलेलं. "रान भिजायलंय अन् हे निघाले अध्यक्ष करायला," हे मी उंबऱ्यावर ऐकलं. एसटीनं लातूर, तिथून रात्रीची लातूर एक्स्प्रेस. डब्यात निलंग्याकडचे अण्णा भेटले. वय ७८, धोतर, आणि पिशवीत धपाटे. अण्णा १९९७ लाही डेलिगेट होते. तेव्हा सीताराम केसरी, शरद पवार आणि राजेश पायलट अशी तिरंगी लढत होती. केसरींना ६,२२४, पवारांना ८८२, पायलट यांना ३५४.

"त्या आठशे ब्याऐंशीतला मी एक," अण्णा म्हणाले, एखादी जुनी जखम दाखवावी तसं.

मग त्यांनी बोटं मोजत अध्यक्षपदाच्या निवडणुकांचा सगळा इतिहास काढला. १९३९ ला सुभाषबाबू १,५८०, पट्टाभी १,३७७. १९५० ला टंडन विरुद्ध कृपलानी हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिसरे आपले शंकरराव देव होते आणि त्यांना २०२ मतं पडली, हे विसरतात. २००० ला सोनियाजींसमोर जितेंद्र प्रसाद, ९४ मतं. "हरायला उभं राहायची आपल्यात रीत हाय बाबा. थरूर काय पहिले न्हाईत." दौंडपर्यंत मी त्यांना थरूर यांचा जाहीरनामा समजावून सांगत होतो, मुद्द्यामुद्द्यानं, कारण मला तो पटलेला होता. ते ऐकत होते आणि धपाटे देत होते. याचा परिणाम पुढं काय झाला ते येईलच.

टिळक भवनात दहाच्या आधीच गर्दी. ज्यांना दहा वर्षांत भेटलो नव्हतो ते गळाभेटी घेत होते. लग्नाचा मांडव आणि मतदान केंद्र यांच्या मधलं काहीतरी होतं ते. ओळखपत्रावर फोटो आणि क्यूआर कोड, ते दाखवून आत. पत्रिकेवर दोनच नावं, पहिलं खर्गेंचं, दुसरं थरूर यांचं. आधी सूचना अशी होती की पसंतीच्या नावापुढं '१' लिहा. थरूर यांच्या बाजूनं आक्षेप घेतला की पहिला क्रमांक खर्गेंचा आहे, 'एक लिहा' म्हटलं की लोकांना वाटेल एक नंबरलाच द्या. मधुसूदन मिस्त्रींच्या निवडणूक प्राधिकरणानं आदल्या दिवशी ते बदललं, आता टिक. आक्षेप अगदी योग्य होता. रांगेत तरीही एक जण विचारत होता, "एक लिहायचं का बरोबर करायचं?" आणि मागून कुणीतरी, "बरोबर ते कर की!" यावर हशा.

आडोशामागं गेलो. पुठ्ठ्याचा आडोसा, एक टेबल, दोरीनं बांधलेलं पेन. दोरी आखूड होती, त्यामुळं मतपत्रिका डावीकडं सरकवून घ्यावी लागली. पेन टेकवलं आणि एकदम तो फोन आठवला. "कळतंय ना?" अर्धा मिनिट तसाच उभा राहिलो. इथं मला कुणी बघत नव्हतं. सगळ्या राज्यांच्या पेट्या दिल्लीत उघडून मतपत्रिका एकत्र मिसळणार होते, तेव्हा महाराष्ट्रानं काय केलं हेसुद्धा कळणार नव्हतं, मग उदगीर तर लांबच. थरूर यांना दिलं असतं तर माझं मत चोरून का होईना, माझं आहे याची मला खात्री राहिली असती. खर्गेंना दिलं की ते निरोपाच्या ढिगात जाऊन पडणार, आणि पुढं मीसुद्धा ते उचलून 'हे माझं' म्हणून दाखवू शकणार नाही. गुप्त मतदानाची ही गंमत आधी कधी लक्षात आली नव्हती. न ऐकणाऱ्याला ते लपवतं, आणि आपल्या मनानं तेच करणाऱ्यालाही लपवतं.

टिक केली. घडी घातली. पेटीत टाकली. मागचा माणूस खाकरला.

बाहेर आलो तर एक ओळखीचे पुढारी हात मिळवत म्हणाले, "शाब्बास." मी विचारलं, "कशाबद्दल?" ते हसले. मला ते हसू आजही आवडत नाही.

बुधवारी, १९ तारखेला, पोत्यावर ताडपत्री ओढत होतो तेव्हा मोबाइलवर आकडे आले. खर्गे ७,८९७. थरूर १,०७२. बाद ४१६. मला पहिल्यांदा धक्का बसला तो बाद मतांचा. हे सगळे पदाधिकारी! गावोगाव लोकांना मत कसं द्यायचं ते शिकवणारे. त्यातल्या चारशे सोळा जणांना दोन नावांपैकी एकापुढं खूण करता आली नाही, किंवा करायची नव्हती. या ४१६ लोकांची हकीकत कुणीतरी लिहायला पाहिजे. दुसरं मनात आलं ते १,०७२ बद्दल. १९९७ ला पवारांना पडली त्याहून ही मतं जास्त. इतके जण 'कळतंय' म्हणाले आणि वेगळं करून आले. मला त्यांचा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

थरूर यांच्या कागदातल्या ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव होता ती कार्यसमितीची निवडणूक. फेब्रुवारी २०२३ ला रायपूरच्या अधिवेशनात ठरलं की निवडणूक नको, अध्यक्षांनीच नेमावेत. ऑगस्टमध्ये यादी आली, तीत थरूर यांचंही नाव होतं. मी निवडलेल्या अध्यक्षानं मला हवी असलेली निवडणूक घेतली नाही. त्या तरुण कार्यकर्त्यानं बातमीचं कात्रण मला पाठवलं, खाली फक्त प्रश्नचिन्ह. मी उत्तर दिलं, "दुकानात ये." या वेळी तो आला. आम्ही दोन तास बोललो, माझ्याकडं धड उत्तर नव्हतं, आणि जाताना त्यानं तणनाशकाच्या दोन बाटल्या उधारीवर नेल्या.

अण्णा त्याआधीच, ७ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, देगलूरला भेटले. भारत जोडो यात्रा तेलंगणातून महाराष्ट्रात शिरत होती. मशाली, घोषणा, पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत अण्णांनी माझं मनगट धरून बाजूला ओढलं आणि कानाशी लागून म्हणाले, "तुझ्यामुळं मी थरूरला दिलं बघ. गाडीत काय समजावून सांगितलंस तू! डोस्क्यातनं जाईना."

मी म्हटलं, "अण्णा, मी खर्गेंना दिलं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अस्सं सांगायचं. मला बी असंच सांगायचं."